जुन्या वास्तूतलं हॉटेल आणि झालेला हिरमोड: तुमचे अनुभव लिहा

परवाच अशा एका हॉटेलात दोन रात्री राहून आले, मन अजून खट्टू आहे. लाकडी तुळया, खोल कोनाडे, दगडी जिना असे फोटो पाहून चार महिने आधी खोली घेतली. प्रत्यक्षात मूळ इमारतीत फक्त स्वागतकक्ष. खोल्या मागच्या नव्या बांधकामात, कुठल्याही हॉटेलात असतात तशा. बुकिंग करताना हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तुमच्या बाबतीत असं काही घडलंय का?

---

आम्हाला खोली मूळ वास्तूतच मिळाली, पण दार उघडताच ओलीचा वास आला. पलंगामागे कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा. मी बांधकामातला माणूस, त्यामुळे कारण लगेच कळलं. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते. इथे वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट. ओल आत कोंडली, क्षार पृष्ठभागाशी साठले आणि गिलावा सुटायला लागला. मॅनेजर म्हणाले, "जुनी इमारत आहे, एवढं चालायचंच." त्या वाक्याचा फार राग आला. भिंत इतकी वर्षं धड होती, बिघडली ती या डागडुजीने. पैसे परत मागितले नाहीत, पण काय करायला हवं ते लिहून देऊन आलो.

---

आईचे गुडघे दुखतात. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, पायऱ्या उंच, लिफ्ट नाही. अशा वास्तूत लिफ्ट बसवणं अवघड असतं हे मान्य. पण आधी सांगा ना! आई दोन दिवस खालीच उतरली नाही.

---

आमच्या खोलीत अर्धी कमान होती. खरंच अर्धी. पूर्वीच्या मोठ्या दालनाच्या पार्टिशन घालून चार खोल्या केलेल्या, आणि पार्टिशन नेमकं कमानीच्या मधोमध. नक्षी मध्येच तुटून जिप्सम बोर्डात शिरलेली. शेजारच्या टीव्हीचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, वरच्या लाकडी तक्तपोशीवर कुणी चाललं की झोप मोडायची. तेही सोसलं असतं. पण त्या कमानीकडे पाहवत नव्हतं.

जुन्या वास्तू वापरात राहाव्यात असंच मला वाटतं, बंद पडल्या की त्या ढासळतातच. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद आहे, तिच्यातही वापराला पाठिंबा आहे, मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी आणि सजावट बदलू नये, असं तिथेच म्हटलंय. चारऐवजी एकच मोठी खोली ठेवली असती, तर मी जास्त पैसे आनंदाने दिले असते.

निघायच्या दिवशी शेजारच्या कुटुंबाला विनंती करून त्यांच्याकडची उरलेली अर्धी कमान पाहून आलो. मग तेही आमच्याकडची पाहायला आले.