मदत हवी आहे: व्हीपीएन लावूनही ब्राउझर खरा पत्ता दाखवतोय

नमस्कार मंडळी,

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात काम करते. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलून लिहिते आहे.

खरीप तोंडावर आला की आमच्याकडे चोर बीटीची पाकिटं फिरू लागतात. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला देशात लागवडीची परवानगीच नाही. त्यामुळे पावती मिळत नाही, आणि बी उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात दाद मागायला कागदाचा कपटाही नसतो. माझ्याकडे पाकिटांचे फोटो आहेत. आमच्या भागातलं एक बातम्यांचं पोर्टल अख्खा तालुका वाचतो, तिथे प्रतिक्रियेत नाव न देता हे लिहायचं आहे. पण पोर्टल चालवणारे आणि बी विकणारे यांची रोजची ऊठबस आहे, आणि साइटच्या नोंदी त्यांच्याच हातात. माझं नाव फुटलं तर बाबांना उधारीवर खत मिळणार नाही.

दुकानातल्या क्रोममध्ये फुकटचं व्हीपीएन एक्स्टेन्शन (आपला खरा पत्ता झाकणारी जोडणी) टाकून ब्राउझरलीक्स या तपासणीच्या साइटवर पाहिलं. वर परदेशातला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो, पण खाली वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधून थेट कॉल करण्याच्या सोयीच्या) रकान्यात २४०९ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता येतो. तो जिओचा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी), म्हणजे आमचाच हॉटस्पॉट!

त्याहून मोठी काळजी फॉन्टची. या संगणकावर श्रीलिपी, कृतिदेव हे डीटीपीचे देवनागरी फॉन्ट आहेत, ब्राउझरची भाषा मराठी आहे. याच क्रोममधून आम्ही त्या पोर्टलला वाढदिवसाच्या जाहिराती पाठवतो, दुकानाच्या लॉगिनने. फॉन्ट, भाषा, पडद्याचा आकार एकत्र केले तर तिथे येणाऱ्यांत असा दुसरा संगणक सापडेल का? पुण्या-मुंबईत गर्दीत लपता येतं, इथे गर्दीच नाही. वेबआरटीसी बंद केलं की भागेल, की हा ठसा तरीही राहील?

उत्तर १

ताई, ठसा राहील. तुमची शंका अगदी बरोबर आहे.

ब्राउझरमधलं व्हीपीएन एक्स्टेन्शन म्हणजे बहुतेक वेळा नुसता प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर. पानं त्यातून जातात, बाकीचं नाही. वेबआरटीसी व्हिडिओ कॉलसाठी केलेलं आहे. ते स्टन सर्व्हरला थेट विचारतं की बाहेरून माझा पत्ता काय दिसतो, आणि आलेलं उत्तर पानावरची स्क्रिप्ट वाचू शकते. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर मीडिया.पीअरकनेक्शन.एनेबल्ड हे फॉल्स केलं की ही गळती थांबते. फॉन्ट मात्र तसेच उघडे.

म्हणून टॉर ब्राउझर (खरा पत्ता आणि ठसा दोन्ही लपवणारा) घ्या, टॉर प्रोजेक्टच्याच साइटवरून. त्यात वेबआरटीसी बंदच असतं, टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिसतो, खिडकीचं माप ठरावीक टप्प्यांत सांगितलं जातं. विंडोजवर तो ठरलेलेच फॉन्ट वापरू देतो, तेव्हा श्रीलिपी पानाला दिसत नाही. देवनागरी फॉन्ट त्याच्यासोबतच येतो, मराठी नीट वाचता येतं. टंकायला विंडोज १० मधला मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरतो. वरून एकही एक्स्टेन्शन टाकू नका, कारण सगळे टॉरवाले एकसारखे दिसतात यातच तुमचं संरक्षण आहे.

पण दुकानाचा संगणक नकोच. तो मालकाचा, शिवाय जाहिरातींचं लॉगिन तिथेच. स्वतःच्या फोनवर टॉर ब्राउझरची अँड्रॉइड आवृत्ती चालते.

धागाकर्ती

खूप आभार दादा, इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर टॉर टाकला, वेबआरटीसीचा रकाना आता रिकामा येतो. पण पोर्टल प्रतिक्रिया घेण्याआधी मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं. बहिणीच्या सिमवरून चालेल का?

उत्तर २

नाही, ताई. नंबर थेट पोर्टलवाल्याकडे जाईल, आणि तालुक्यात नंबरावरून घर ओळखायला वेळ लागत नाही. मग ब्राउझर कितीही झाकला तरी व्यर्थ, वर बहीणही अडकायची.

त्या पोर्टलचा नाद सोडा. फोटो छापून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे, गुणनियंत्रण निरीक्षकांच्या नावे, साध्या टपालाने पाठवा. सोबत दुकान, तारीख आणि पाकिटावरचा मजकूर लिहा. छपाई तुमच्या दुकानात करू नका, आणि लिफाफा दुसऱ्या तालुक्याच्या टपालपेटीत टाका, शिक्का तिथला पडेल. पुढे हेच फोटो कुणाला मेलने द्यायचे झाले, तर कॅमेऱ्याने आत नोंदवलेलं लोकेशन आधी काढून टाका.