उ: दाबला की वायूचा द्रव होतोच का?

अनेकदा म्हटलं जातं की पुरेसा दाब दिला की कुठल्याही वायूचा द्रव होतो. इथे थोडी गल्लत आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला एलपीजी हलवला की आत डचमळतो, पण रिक्षाच्या टाकीतला सीएनजी २०० बार दाबालाही वायूच राहतो! कारण क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर नुसत्या दाबाने वायूचा द्रव होत नाही ते तापमान. एलपीजीतल्या प्रोपेनचं ते सुमारे ९७ अंश सेल्सिअस, ब्यूटेनचं १५२, म्हणून ते आपल्याकडच्या उन्हाळ्यातही दाबाने द्रव होतात. सीएनजीतल्या मिथेनचं मात्र उणे ८३ च्या आसपास. त्याच्या वर कितीही दाबा, द्रवाचा पृष्ठभाग दिसणारच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांचा १८२२ चा प्रयोग. बंदुकीच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीचा गोळा घालून ते ती तापवत आणि हलवून कान देऊन ऐकत. एका तापमानानंतर द्रवाचा चुबुकचुबुक आवाज थांबला, कारण द्रव आणि वायू असा फरकच उरला नव्हता. आत बघायची सोय नाही, तरी कानाने शोध! पुढे बेलफास्टचे शास्त्रज्ञ अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर नेटकी मोजमापं केली: क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश, आणि तिथला दाब ७४ बार.

म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकात धड द्रवही नसतो आणि नेहमीचा वायूही नाही. तसंही, थंडीत आत द्रव असतो तेव्हा तो निम्मा संपला तरी दाब तोच राहतो, म्हणून ही नळकांडी वजन करून तपासतात.

पाण्याचे हेच आकडे: ३७४ अंश, २२१ बार. तिथे बाष्पीभवनाची गुप्त उष्णता, म्हणजे तापमान न वाढवता द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता, शून्य होते.