मदत हवी आहे: उद्याचं ऊन बघून आजच चिलरचं (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशीनचं) टायमिंग ठरवता येईल का?

राम राम मंडळी, जळगावात एका पाच मजली कमर्शियल बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो, खाली दुकानं वर ऑफिसं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की सकाळी दहाला सगळे एकदम येतात, दोन्ही चिलर फुल लोडवर जातात आणि तेवढ्या वेळात मॅक्झिमम डिमांड (महिन्यात एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त विजेचा भार) जी वर चढते ती महिन्याच्या बिलात केव्हीएवर (त्या भाराच्या मापावर) लागते, मग दिवसभर कितीही काटकसर करा. पाचव्या मजल्यावरच्या सीए साहेबांचा फोन तरी येतोच, स्लॅब तापलेला, पश्चिमेला सगळी काच!

प्रेडिक्टिव्ह कंट्रोलबद्दल वाचलं, म्हणजे हवामान खात्याचा अंदाज, माणसांची गर्दी आणि टीओडीचे (दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणारे विजेचे) दर बघून सिस्टीम पुढच्या काही तासांचं गणित आधीच मांडते, दर थोड्या वेळानं परत मांडते, आणि बिल्डिंग अगोदरच गार करून ठेवते. आमचा बीएमएस (बिल्डिंगचा एसी वगैरे चालवणारी कंट्रोल सिस्टीम) जुना, नुसता टायमर आणि सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान). एक व्हेंडर एआयचा डबा विकायला बघतोय, पण आत काय चालतं विचारलं की भाऊ विषयच बदलतो.

तर साधा नियम पुरेल का, उद्या 43 च्या वर असेल तर एक चिलर सातलाच सुरू, आणि संध्याकाळचा महाग दर लागायच्या आधी सेटपॉइंट एखादी डिग्री खाली? की रात्रभर स्लॅबच गरम राहतो म्हणून इथं प्रीकूलिंग वाया जातं? कोणी भुसावळ-धुळ्याकडं केलंय का? सेन्सर कुठं बसवले, किती महिन्यांचा डेटा लागला तेवढं सांगा.