मदत हवी आहे: बाबांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलाय, डोनर म्हणून मी चालेन का?

वाचनमात्र_सिन्नर

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. बाबा ५९ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. कंबर दुखते म्हणून वर्षभर मालिश, पट्टा, पेनकिलर असं चाललेलं, सगळे म्हणायचे आयुष्यभर उभ्याने तिकिटं फाडली त्याचं हे. मग हिमोग्लोबिन ७ वर आलं तेव्हा तपासण्या झाल्या आणि मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) निघाला. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं पोटावर, सोबत लेनालिडोमाइड आणि डेक्सा, अशा ४ सायकल झाल्या, रिपोर्ट बराच सुधारलाय. आता डॉक्टर ट्रान्सप्लांट करा म्हणतात. ओपीडीत जेमतेम पाच मिनिटं मिळाली, घाबरल्यामुळे मी निम्मं विचारलंच नाही.

घरात सगळा गोंधळ आहे. आजी म्हणते लेकाचं हाड काढून बापाला बसवणार, आई म्हणते पाठीचं ऑपरेशन आहे, आणि मी डोनर व्हायला तयार आहे पण माझा रक्तगट बी आणि बाबांचा ओ. चालेल का? आणि रिपोर्ट सुधारलाय तर हे मुळात कशाला?

शमिका_ठाणे

दादा, आधी फाइल उघडा आणि ऑटोलॉगस लिहिलंय का बघा. मायलोमात बहुतेक तेच असतं, माझ्या आईचंही तेच झालं. तसं असेल तर डोनर कुणीच नाही, बाबांच्याच पेशी काढून बाबांनाच परत देतात. त्यामुळे रक्तगटाचा प्रश्नच नाही, आणि चिरफाड तर अजिबातच नाही.

आईला ५ दिवस इंजेक्शनं दिली, त्याने स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, मॅरोतून (हाडातल्या मगजातून) रक्तात उतरतात. हाडं ठणकतात तेव्हा, पण ते अपेक्षितच असतं. मग गळ्याजवळ लाइन टाकून डायलिसिससारख्या मशीनवर ४-५ तास, रक्त एकीकडून जातं, पेशी बाजूला काढतात, बाकी रक्त परत अंगात. ओठांना मुंग्या यायला लागल्या तर बाबांना लगेच सांगायला सांगा, कॅल्शियम कमी होतं त्याने, आई बिचारी संकोचाने गप्प बसली होती.

लॅबवाला

पॅथॉलॉजीत आहे, रक्तविकारतज्ज्ञ नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. 'ट्रान्सप्लांट' या नावामुळे घोळ होतो. इथे कॅन्सरवर काम करतं ते मेलफलान नावाचं केमो, आणि तेही मोठ्या डोसात. चार सायकलनंतर ज्या पेशी दडून राहिल्यात त्यांच्यासाठी ते. पण या डोसाने मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या पेशीही जळतात आणि एकटं सोडलं तर रक्त लवकर भरून येत नाही. म्हणून आधी बियाणं काढून ठेवायचं, मग जोरदार तणनाशक मारायचं, मग बियाणं परत पेरायचं. वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख स्टेम सेल्स जमल्या पाहिजेत, नाहीतर पुढे जात नाहीत.

एक कडू गोष्ट आत्ताच सांगतो, याने मायलोमा कायमचा जातो असं नाही. बहुतेकांना रोगाशिवायचा काळ जास्त मिळतो, नंतर मेंटेनन्सची गोळी चालू राहते. कुणी 'गॅरंटी' देत असेल तर तिथून उठा.

भावाबहिणीशी एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळवणं वगैरे प्रकार ल्युकेमिया, थॅलेसेमियात दुसऱ्याच्या पेशी घेतात तेव्हा.

शमिका_ठाणे

हो, आणि बर्फ!! मेलफलान चालू असताना आईला सतत बर्फ चघळायला लावला होता, तोंडातल्या नसा आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, त्यामुळे तोंड कमी सोलवटतं. पेशी चढवायचा दिवस म्हणजे 'डे झीरो', आम्ही काहीतरी मोठं होणार म्हणून देवाला नारळ कबूल करून बसलो होतो आणि प्रत्यक्षात रक्ताच्या बाटलीसारखी एक पिशवी, तासाभरात संपली. गोठवून ठेवलेल्या असल्याने खोलीभर लसणासारखा वास, आईच्या श्वासालाही दोन दिवस.

खरी परीक्षा त्यानंतर. ताप, जुलाब, केस गेले, रक्तपेशींचे काउंट शून्याला टेकले. ११व्या दिवशी पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या, प्लेटलेट्सना अजून वेळ लागला. एकच माणूस सोबतीला ठेवा, भेटायला येणाऱ्यांना सरळ नाही म्हणा, नातेवाईक रुसतील तर रुसू द्या. काढे, गुळवेल, अंगारा काही तोंडात घालू देऊ नका. खर्चाचं हॉस्पिटलच्या सोशल वर्करशी अॅडमिट व्हायच्या आधीच बोला, नंतर धावपळीत राहून जातं.

वाचनमात्र_सिन्नर

फाइल बघितली, ऑटोलॉगसच लिहिलंय. आजीला सांगितलं हाड कुणाचंच काढत नाहीत, तर म्हणाली मग एवढे पैसे कसले घेतात. दोघांचेही आभार, आज पहिल्यांदा नीट जेवलो. पुढच्या ओपीडीला प्रश्न कागदावर लिहून नेणार.

बाबांना सगळं वाचून दाखवलं, त्यांचा एकच प्रश्न आहे: बर्फाऐवजी काला खट्टा गोळा चालेल का?

लॅबवाला

गाडीवरचा नाही! उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ, आणि सरबताचं डॉक्टरांना विचारून. शुगर आहे का बाबांना?