विंडोज ११ वर जुने डाँगल, स्कॅनर आणि ए-३ प्रिंटर चालत नाहीत. डीटीपी केंद्राने काय करावे?

प्रश्न : अक्षरमांडणी (कराड)

नमस्कार.

कराडमध्ये आमचे डीटीपीचे छोटे केंद्र आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि जून उलटला की पतसंस्था व विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. आजवर हे सगळे ३२-बिट विंडोज १० असलेल्या एका जुन्या संगणकावर सुरळीत चालत होते. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाली, आणि त्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ साठी ग्राह्य धरलेल्या यादीत नाही, म्हणून आम्ही विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला.

मराठी अक्षरजुळणीची आमची प्रणाली यूएसबी डाँगल, म्हणजे परवान्याचे कुलूप असलेले छोटे साधन, लावल्याशिवाय सुरू होत नाही. नव्या संगणकात डाँगल खोचले तरी त्यावरचा छोटा लाल दिवा लागत नाही आणि लॉक सापडले नाही, एवढाच संदेश येतो. स्कॅनर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हासह दिसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याचा ड्रायव्हर (साधन विंडोजशी जोडून देणारा प्रोग्राम) ३२-बिट विंडोज ७ पर्यंतचाच आहे. ज्या ए-३ लेझर प्रिंटरवर आम्ही ट्रेसिंग पेपर काढून प्लेटसाठी ऑफसेटवाल्यांकडे पाठवतो, तो पॅरलल पोर्टचा आहे. नव्या संगणकाला ते पोर्ट नसल्याने यूएसबी ते पॅरलल केबल आणली, पण पुढे कोणता ड्रायव्हर निवडावा ते कळत नाही.

सर्वांत मोठी काळजी जुन्या फायलींची आहे. गेल्या वर्षीचा अहवाल नव्या संगणकावर उघडला, तर ‘ताळेबंद’ या मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंस-टिंबे दिसतात. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हाती पडायला हवा, त्यामुळे वेळ थोडा आहे. ही साधने नव्या संगणकावर चालवण्याचा काही मार्ग आहे, की जुन्याच संगणकाकडे परत जावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : यंत्रविचार (पुणे)

आपल्या अडचणी एकाच दिवशी उभ्या राहिल्या असल्या, तरी प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. मुख्य बदल विंडोज १० वरून ११ वर जाण्याचा नसून ३२-बिटवरून ६४-बिटवर जाण्याचा आहे, कारण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतात, म्हणूनच आपली प्रणाली इन्स्टॉल झाली आणि निदान डाँगल मागण्यापर्यंत तरी पोहोचली. परंतु अशा साधनांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाऊन बसतात, आणि ६४-बिट कर्नल ३२-बिट ड्रायव्हर कोणत्याही परिस्थितीत स्वीकारत नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड लावून पाहा’ असा सल्ला दुकानांत सर्रास मिळतो. तो प्रोग्रामला कधी कधी उपयोगी पडतो, ड्रायव्हरला नाही.

आधी डाँगल पाहू. अक्षरजुळणीच्या प्रणाली विकणाऱ्या कंपन्या पुष्कळदा डाँगल स्वतः बनवत नाहीत, तयार विकत घेतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साधनाच्या गुणधर्मांत ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. तिथे व्हीआयडी (उत्पादकाचा क्रमांक) ०५२९ असे असेल, तर ते अल्लादीन कंपनीच्या हास्प घराण्यातले आहे; हे उत्पादन पुढे सेफनेट, मग जेमाल्टो आणि २०१९ पासून थालेस कंपनीकडे आले. म्हणजे सीडीवरचा जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून थालेसच्या संकेतस्थळावरचे सध्याचे सेंटिनेल रनटाइम (डाँगल चालवणारा ड्रायव्हर-संच) घ्यायला हवे. डाँगल फार जुन्या पिढीतले असेल, तर नवे रनटाइम त्याला ओळखते का, हे तिथल्या माहितीपत्रात आधी वाचावे.

इथे आणखी एक अडथळा असतो. विंडोज ११ नव्याने बसवले की योग्य हार्डवेअरवर ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षण आपोआप चालू असते आणि ते जुन्या घडणीचे ड्रायव्हर अडवते. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी आणि तिथे कोअर आयसोलेशन उघडल्यास अडवलेल्या ड्रायव्हरांची यादी सापडते; हास्पचे जुने ‘हार्डलॉक डॉट एसवायएस’ तिथे हमखास दिसते. डाँगल काढून ठेवावे, जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढावा, नवे रनटाइम बसवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच डाँगल लावावे.

मेमरी इंटेग्रिटी बंद करून प्रश्न मिटवणारे बरेच आहेत. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. डीटीपी केंद्राच्या संगणकाला दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात; हे संरक्षण ज्यांना सर्वाधिक गरजेचे आहे, त्यांत आपण येता. तसेच डाँगलशिवाय चालणाऱ्या ‘क्रॅक’ प्रती कोणी देऊ केल्या तर घेऊ नयेत. परवाना आपण पैसे मोजून घेतला आहे; तो हातचा घालवून वर व्हायरस ओढवून घेण्यात काहीच हशील नाही.

उत्तर २ : कागदशाई (फोंडा, गोवा)

प्रिंटरबद्दल लिहितो. तो कोणती भाषा समजतो यावर सगळे अवलंबून आहे. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूमधून कॉन्फिगरेशनचे पान छापा. त्यावर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ६ असे लिहिलेले असेल, तर उत्पादकाचा ड्रायव्हर नसला तरी चालते. विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्टचा पीएस किंवा पीसीएल ६ क्लास ड्रायव्हर निवडावा. प्रिंटर ‘होस्ट-बेस्ड’ असेल, म्हणजे पानाची प्रतिमा संगणकाने तयार करायची आणि प्रिंटरने ती फक्त उमटवायची अशी त्याची रचना असेल, तर मात्र त्याच मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर असल्याशिवाय इलाज नाही.

प्रिंटर हाताने जोडताना पोर्टच्या यादीत एलपीटी१ (जुन्या पॅरलल पोर्टचे नाव) निवडू नका. केबल लावल्यावर तिथे ‘यूएसबी००१’ असे आभासी प्रिंटर पोर्ट तयार झालेले दिसेल, ते घ्या. जाता जाता इतर वाचकांसाठी सांगतो की, पॅरलल पोर्टचे डाँगल या केबलवर चालत नाही, कारण ती केबल फक्त प्रिंटरपुरती असते. त्यासाठी संगणकात खरे पॅरलल पोर्ट देणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवावे लागते.

स्कॅनरसाठी व्ह्यूस्कॅन हा प्रोग्राम पाहावा. त्यात अनेक जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर अंतर्भूत आहेत. विकत घेण्याआधी मॉडेलची यादी पाहा आणि चाचणी प्रत चालवा. चाचणी प्रतीतील चित्रावर खूण उमटते, पण स्कॅनर हलतो की नाही ते कळते. दुसरा मार्ग लिनक्सचा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यातील सेन प्रणाली स्कॅनर ओळखते का ते तपासता येते. तरीही आपला स्कॅनर मुख्यतः संचालक मंडळाच्या पासपोर्ट फोटोंसाठी लागत असेल, तर त्यावर फार वेळ घालवू नये, नवा घ्यावा.

उत्तर ३ : सीमेवरचा मुद्रक (बेळगाव)

वरील दोघांचे म्हणणे बरोबर आहे, पण यंदाच्या अहवालांसाठी मी नव्या संगणकावर विसंबणार नाही. जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडा, वायफाय काढा, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला कधीच लावू नका आणि अहवालांचे काम त्यावरच पुरे करा. त्याआधी त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवा, आणि हे आजच करा. जुनी डिस्क गेली, तर डाँगल हाती असूनही आपली प्रणाली त्याच अवस्थेत पुन्हा उभी करता येईल याची खात्री नाही. कित्येक जुन्या सीडींवरचे सेटअप १६-बिट आहेत आणि ६४-बिट विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) ३२-बिट विंडोज बसवून यूएसबी डाँगल त्याच्याकडे वळवणे हाही मार्ग आहे, पण तो निवांतपणे करून पाहण्यासारखा आहे, हंगामाच्या तोंडावर नव्हे.

खरा धोका मला फायलींत दिसतो. या जुन्या फाँटांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी असते. म्हणूनच फाँट नसलेल्या संगणकावर ‘ताळेबंद’ वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणल्याशिवाय ही टांगती तलवार दूर होणार नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण ते तपासण्यासाठी ‘वार्षिक’ हा एकच शब्द घालून पाहा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आल्यावर बरेच प्रोग्राम गोंधळतात. आकड्यांचे स्तंभ तर रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायलाच हवेत. ताळेबंदातील एक अंक बदलला, तर तो दोष वाचक आपल्याच माथी मारेल.

पाने मांडण्याचे पेजमेकर ७ हे २००१ मधले आहे, त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन परवडत नसेल तर स्क्रायबस १.६ मोफत आहे आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरे जुळतात. फाँटसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका पुस्तकी मजकुराला चांगला दिसतो.

अक्षरमांडणी (कराड)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. डाँगलचा आयडी ०५२९ च निघाला आणि अडवलेल्या ड्रायव्हरांत हार्डलॉकचे नावही होते. सांगितलेल्या क्रमाने केल्यावर डाँगलचा दिवा लागला, प्रणाली सुरू झाली आणि ताळेबंद वाचता येऊ लागला. प्रिंटरच्या पानावर पोस्टस्क्रिप्टचा उल्लेख आहे; यूएसबी००१ निवडून ए-३ पान निघाले, पण ट्रेसिंगवर काळा रंग फिकट येतो आणि नव्या ड्रायव्हरमध्ये गडदपणाची सोय दिसत नाही. जुन्या डिस्कची प्रत आज रात्री काढत आहोत, आणि यंदाचे अहवाल जुन्याच संगणकावर करायचे ठरवले आहे.

कागदशाई (फोंडा, गोवा)

क्लास ड्रायव्हरमध्ये ती सोय नसते. प्रिंटरच्या पॅनेलवरील मेनूमध्ये ‘प्रिंट डेन्सिटी’ सर्वांत वर न्या आणि टोनर बचत चालू असल्यास ती बंद करा. कागदाचा प्रकारही तिथेच जाड किंवा ट्रान्स्परन्सी असा ठेवून पाहा. फ्यूझरचे (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचे) तापमान त्यावर ठरते आणि ट्रेसिंगवर टोनर नीट बसतो. आधी साध्या कागदावर भरीव काळी चौकट छापून पाहा. तीही फिकट आली तर दोष ड्रायव्हरचा नाही, कार्ट्रिज बदलण्याची वेळ झाली आहे.