मदत हवी आहे: तलावाच्या अभ्यासासाठी विद्यापीठ विभागाशी करार

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मासुंदा आणि उपवन तलावांच्या पाण्याची वर्षभर नोंद ठेवायचं काम विद्यार्थ्यांबरोबर सुरू आहे. सेकी तबकडीने पारदर्शकता, तापमान, सामू आणि विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन आम्हीच मोजतो. ऑक्सिजनचा नमुना काठावरच रसायनं घालून पक्का करावा लागतो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन नंतर बदलत नाही. बाटलीत तपकिरी साका बसू लागला की मुलं सगळं विसरून बघत राहतात. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास संपलेला. नमुने मुद्दाम पहाटे घेतो, कारण रात्रभर शैवालही श्वसन करतं आणि तेव्हा ऑक्सिजन सर्वांत कमी असतो.

अडलंय ते शैवालाला पोसणारं फॉस्फेट आणि शैवाल किती आहे ते दाखवणारं हरितद्रव्य, क्लोरोफिल-ए, यांच्या मोजणीपाशी. त्यासाठी लागणारी उपकरणं आमच्याकडे नाहीत, खासगी प्रयोगशाळेचा दरमहाचा खर्च झेपत नाही. एका विद्यापीठ विभागात भेटून आले. तिथले प्राध्यापक मनापासून तयार आहेत, पण आधी सामंजस्य करार हवा म्हणतात. आमच्या प्राचार्यांची संमती आहे, महापालिकेकडे अर्जही दिलाय. निधी नको; नमुन्यांची तपासणी आणि त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांची आमच्या मुलांसाठी काही सत्रं, एवढंच. गणेश विसर्जनाआधीचे नमुने हातचे गेले तर तुलनाच होणार नाही, म्हणून घाई.

असा करार थेट विभागाशी होतो की कुलसचिवांची सही लागतेच? आणि नोंदींवर हक्क कोणाचा, शोधनिबंधात विद्यार्थ्यांची नावं येणार का, ही कलमं तुम्ही कशी लिहून घेतलीत?