मदत हवी आहे : पावसाळी सत्रात लाखकामासाठी सुकं लाकूड

कला महाविद्यालयाच्या मुलांचं अख्खं सत्र सावंतवाडीजवळच्या स्टुडिओत आहे, जुलै ते नोव्हेंबर. अडचण लेथवरच्या लाखकामाची, म्हणजे लेथवर फिरत्या लाकडाला लाखेचा थर चढवण्याची. लाकडात ओल १८ टक्के भरतेय, हवी १२च्या आत. ओल्या लाकडावरही लाखेची कांडी टेकवली की लाख वितळून बसते, केवड्याच्या पानाने चकाकी येते. पण मागाहून लाकूड सुकून आकसतं आणि कडेला पापुद्रा सुटतो. मुलांचा फार हिरमोड होतो.

दीड इंची चौरस तुकडे टोकांना मेण लावून बल्बच्या पेटीत ४० अंशांवर ठेवायचा विचार आहे. आमचं लाकूड पांगाऱ्याचं, ते त्यात चिरतं का? कुडाळ-सावंतवाडीकडे थोडा माल सुकवून देणारी वखार आहे का? की गंजिफाचं (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं) रंगकाम आधी घेऊन लेथ ऑक्टोबरनंतर ठेवावा?